तिखटाचा रेणू अख्खा ठेवताना

संकेश्वरी मिरचीचे सौदे गडहिंग्लजच्या बाजारात निघतात. घेणारा मिरची मोडतो, हुंगतो, बी जिभेला लावून बघतो. मास स्पेक्ट्रोमीटरला मात्र तिखटाचा रेणू न मोडता हवा असतो. हे यंत्र रेणूचं वजन सांगतं, पण त्यासाठी रेणूवर आधी विद्युतभार बसवावा लागतो. तो बसवतानाच रेणू फुटला, तर वजन कशाचं करायचं?

मिरचीचा तिखटपणा मुख्यतः दोघांचा: कॅप्सायसिन, वजन ३०५, आणि डायहायड्रोकॅप्सायसिन, ३०७. जुन्या पद्धतीत त्यांच्यावर ७० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनांचा मारा होतो. मग दोघांचाही १३७ वजनाचा एकच तुकडा सगळ्यात उंच दिसतो आणि अख्खे रेणू कोपऱ्यात पडतात. निपाणीच्या तंबाखूतल्या निकोटिनचंही तेच. १६२ चा रेणू, पण ८४ चा तुकडाच मिरवतो.

रेणू न फोडता भार बसवणाऱ्या इलेक्ट्रोस्प्रे पद्धतीचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. मिथेनॉलमध्ये भिजवून गाळलेला मिरचीचा अर्क केसासारख्या सुईतून येतो. सुईला ३-४ हजार व्होल्ट. टोकाशी धुक्यासारखा फवारा दिसतो. नायट्रोजनच्या झोतात थेंब आटतात, भार दाटतो, थेंब फुटत जातात आणि शेवटी रेणू एक प्रोटॉन घेऊन सुटतो. पडद्यावर ३०६ आणि ३०८ वेगवेगळे उभे राहतात. पुढं ३२८ लाही एक रेघ असते. नवखा तिला तिसरा पदार्थ समजेल. ते कॅप्सायसिनच, प्रोटॉनऐवजी सोडियम चिकटलेलं.

हा फवारा आणि लेझरच्या झोतानं रेणू उडवून भारित करण्याची पद्धत, यांसाठी अनुक्रमे जॉन फेन आणि कोइची तानाका यांना २००२ चं नोबेल मिळालं. लेझर प्रथिनांसारख्या अवजड रेणूंना उत्तम. मिरचीला मी ती निवडणार नाही: नमुना ज्या पदार्थात कालवतात, त्याच्याच रेघा तीनशेच्या आसपास गर्दी करतात.

भेसळ शोधायची तर गणित पुन्हा बदलतं. २००३ मध्ये भारतातून गेलेल्या तिखटात फ्रान्सला सुदान-१ हा रंग सापडला आणि युरोपनं तपासणी सक्तीची केली. असे तेलात विरघळणारे रंग इलेक्ट्रोस्प्रेत सहज प्रोटॉन घेतातच असं नाही. तिथं एपीसीआय ही पद्धत बरी. तीत अर्काची गरम वाफ करतात, सुईच्या टोकाशी विद्युत ठिणगीसारखा स्राव होतो, द्रावकाची वाफ आधी भारित होते आणि मग ती प्रोटॉन पुढं देते. उष्णता नाजूक रेणूंना सोसत नाही, सुदानला सोसते.

ही तपासणी सौद्याच्या जागी न्यायचीच झाली, तर कागदाच्या त्रिकोणी तुकड्यावर अर्काचा थेंब टाकून व्होल्टेज देणारी पद्धत सगळ्यात सुटसुटीत. भेसळ आहे की नाही, हे ती चटकन सांगते. किती आहे, हे विचारायचं असेल तर अर्कात आधी ठरावीक मापाचं, जड हायड्रोजन असलेलं सुदान-१ मिसळून घ्यावं लागतं, म्हणजे त्याच्या रेघेशी ताडून बघता येतं.