बंदिस्त काळोखातील निरीक्षक

ज्या टाकीत, नळकांड्यात वा धुराड्यात विषारी वायू साचण्याचा संभव आहे, तेथे पुरेशा आकाराचे मॅनहोल अथवा बाहेर पडण्याचा अन्य परिणामकारक मार्ग असल्याखेरीज कोणाही इसमास उतरवू नये, अशी तजवीज 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 36व्या कलमात होती. तथापि निरीक्षणासाठी माणसाला आत जावेच लागे, आणि तत्पूर्वी भट्टी निवविणे, हवा तपासणे, परांची बांधणे यांत दिवसच्या दिवस खर्ची पडत. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे 2014 साली स्थापन झालेल्या फ्लायॅबिलिटी या कंपनीने या कामी कार्बनतंतूंच्या गोल पिंजऱ्यात बसविलेला, स्वतःचा प्रकाश बरोबर नेणारा ड्रोन योजिला. उपग्रहांचे संकेत पोलादी भिंतींआड पोहोचत नाहीत, म्हणून भिंतीवर आदळणे अपरिहार्य मानूनच त्याची रचना केली आहे, आणि माझ्या मते त्या कल्पनेतील खरी प्रतिभा हीच होय. 2022 च्या ‘एलिओस 3’ मध्ये तर लेसरकिरणांनी अंतरे मोजून, उड्डाण चालू असतानाच अंतर्भागाचा त्रिमितीय नकाशा सिद्ध होतो. धूळ मात्र अद्याप वैरीण आहे: पंख्यांच्या झोताने उडालेली राख कॅमेऱ्यापुढे पडदा धरते, आणि जेमतेम दहा-बारा मिनिटांत बॅटरी संपण्यापूर्वी त्याच मॅनहोलमधून परतावे लागते.