गायीच्या रक्तात दडलेला विषाणू

माणसाला रक्ताचा कर्करोग होतो, हे आपण ऐकून असतो. गायीबैलांनाही तो होतो आणि प्रौढ जनावरांत त्यामागे बहुधा एक विषाणू असतो, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. पशुवैद्यक म्हणून बीड जिल्ह्यात दिंद्रुडच्या परिसरातील पशुपालकांशी बोलताना मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "डॉक्टर, गायीच्या खांद्यापुढे गाठ आली म्हणजे कॅन्सरच का?" याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणून हा विषाणू काय आहे आणि तो ओळखायचा कसा, हे आज थोडे सविस्तर सांगतो.

या विषाणूचे नाव 'बोव्हाइन ल्युकेमिया व्हायरस'. रोग जुनाच. युरोपातल्या पशुवैद्यांना तो एकोणिसाव्या शतकापासून माहीत होता. पण त्याचे कारण हाती लागत नव्हते. १९६९ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जॅनिस मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी गायींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या, त्यांना चेतवले, तेव्हा कुठे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे कण दिसले. इतके दिवस तो का सापडला नाही? कारण जनावराच्या अंगात तो जवळजवळ गप्प बसून असतो.

त्याची रीत अशी. रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशी रोगाशी लढायला प्रतिद्रव्ये तयार करतात, त्यांतच हा शिरतो आणि आपली प्रत त्या पेशीच्या जनुकांत गुंफून टाकतो. कोणी परका येऊन आपल्या सातबाऱ्यावर नाव चढवून बसावा, तसे हे आहे. पेशीची वाढ झाली की याचीही आपोआप होते. म्हणून एकदा लागण झाली की ती जन्मभराची. त्यावर औषध नाही आणि दवाखान्यात मिळेल अशी लसही नाही.

पण लागण म्हणजे कर्करोग नव्हे, हे नीट लक्षात ठेवा. लागण झालेल्या शंभर जनावरांपैकी सुमारे तीस जनावरांत पांढऱ्या पेशींची संख्या कायमची वाढते. प्रत्यक्ष गाठी होतात त्या फार तर पाच जनावरांना, आणि त्याही बहुधा तीन-चार वर्षांचे वय उलटल्यावर. बाकीच्या गायी चारा खातात, दूध देतात, वितात. बाहेरून काहीच कळत नाही.

ज्यांना गाठी होतात, त्यांचे हाल होतात. खांद्यापुढच्या आणि मांडीजवळच्या गाठी सुजतात. डोळ्यामागे गाठ झाली तर डोळा बाहेर येतो. मणक्याजवळ झाली तर मागचे पाय लुळे पडतात. पोटात झाली तर शेण काळे पडते. जनावर खंगत जाते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्या मराठवाड्यात संकरित गायीच्या खांद्यापुढे गाठ आली आणि ताप असला, तर पहिला संशय गोचीडतापाचा, म्हणजे थायलेरियाचा घ्यावा. तो बरा होणारा रोग आहे. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून किंवा गाठीत सुई घालून तपासले की त्याचे निदान होऊ शकते. गाठ दिसताच कॅन्सर समजून गाय बाजार दाखवणे म्हणजे वाचणारी गाय घालवणे.

विषाणूची शंका उरलीच, तर रक्ताची चाचणी आहे. विषाणू लपला तरी शरीराने त्याच्याविरुद्ध केलेली प्रतिद्रव्ये लपत नाहीत, ती शोधायची. जुन्या पद्धतीत अगार नावाच्या पदार्थाच्या थरात छोटे खड्डे पाडतात. मधल्या खड्ड्यात विषाणूची प्रथिने, भोवतीच्या खड्ड्यांत जनावरांच्या रक्तातील निवळ. दोन्ही झिरपत एकमेकांना भेटली आणि प्रतिद्रव्ये असली, तर मध्ये पांढरी रेघ उमटते. नंतर 'एलायझा' आली. तिच्यात रंग बदलतो, एका वेळी अनेक नमुने होतात आणि दुधावरही ती करता येते.

मात्र लागण झाल्यावर प्रतिद्रव्ये तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून नव्या जनावराची चाचणी पुन्हा करावी लागते. उलट, लहान वासराने आईचा चीक प्यालेला असतो. त्यातून आलेली आईची प्रतिद्रव्ये सहा महिन्यांपर्यंत वासराच्या रक्तात दिसू शकतात आणि वासरू उगाच बाधित ठरते. अशा वेळी 'पीसीआर' चाचणी उपयोगी पडते, कारण ती पेशीत गुंफलेली विषाणूची प्रतच शोधते.

या चाचण्या गावच्या दवाखान्यात होत नाहीत. नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे. तेथे सोय आहे का, हे आपल्या डॉक्टरांमार्फत आधी विचारावे.

चाचणी बाधित आली तर पुढे काय? डेन्मार्कने १९५९ पासून बाधित जनावरे शोधून काढून टाकण्याची मोहीम चालवली. ब्रिटन १९९९ मध्ये रोगमुक्त ठरला. अमेरिकेने तशी मोहीम घेतली नाही; २००७ च्या सर्वेक्षणात तिथल्या सुमारे ८४ टक्के दुग्धव्यावसायिक कळपांत लागण आढळली. आपल्या राज्यात गोवंशहत्येला कायद्याने बंदी आहे, तेव्हा युरोपचा मार्ग आपला नाही. गाय गुपचूप दुसऱ्याच्या दावणीला पाठवणे हाही उपाय नव्हे. त्याने रोग फक्त गाव बदलतो. आपल्यापुढे उरतो तो प्रसार रोखण्याचा मार्ग, आणि तो स्वस्त आहे.

हा विषाणू वाऱ्याने पसरत नाही. तो मुख्यतः रक्तातून जातो, आणि रक्ताच्या थेंबाचा छोटासा अंशही त्याला पुरतो. लसीकरणात एकच सुई दावणीभर फिरली, कानात बिल्ला मारायचा चिमटा, शिंगे काढायचे हत्यार, वेसण टोचायची सुई न धुता पुढच्या जनावराला लावली, गर्भतपासणीचा रक्ताळलेला हातमोजा बदलला नाही, तर आपणच त्याला गाडी जोडून देतो. चावणाऱ्या माशाही थोडाफार हातभार लावतात. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्याकडच्या बैलजोड्या कारखान्याच्या तळावर गावोगावच्या जनावरांशेजारी बांधलेल्या असतात; तिथे तर ही काळजी दुप्पट घ्यावी. बाधित गाय वेगळी बांधावी, तिचे काम सर्वांत शेवटी करावे आणि तिच्या वासराला निरोगी गायीचा चीक पाजावा.

दुधाचे काय, अशी शंका येईल. कॅलिफोर्नियातील काही संशोधकांना २०१४-१५ मध्ये स्त्रियांच्या स्तनाच्या ऊतींत या विषाणूचे जनुकीय अंश आढळले. इतर काही प्रयोगशाळांना ते आढळले नाहीत. त्यामुळे माणसाला यापासून कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले नाही. पाश्चरीकरणाच्या उष्णतेने विषाणू मरतो, मग उकळलेल्या दुधाची भीती कशाला? क्षय आणि ब्रुसेल्ला यांच्यासाठीही दूध उकळूनच प्यावे.

पुढच्या लसीकरणाला डॉक्टर गोठ्यात येतील, तेव्हा एवढेच म्हणा : "साहेब, दर जनावराला नवी सुई." सुईचे चार पैसे स्वतः द्यावे लागले तरी द्या. जन्मभराच्या रोगापुढे तो खर्च काहीच नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)