पाहुणी खार आणि तिच्यासोबत आलेला रोग

इंग्लंडमधील चेशायर परगण्यात १८७६ साली एका जमीनदाराने उत्तर अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारी शोभेसाठी आपल्या उद्यानात सोडल्या. इतर हौशी मंडळींनीही त्याचे अनुकरण केले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार ब्रिटनमध्ये करड्या खारी सुमारे २७ लाख, तर तेथील मूळच्या तांबड्या खारी तीन लाखांहूनही कमी उरल्या आहेत.

करडी खार आकाराने मोठी असल्याने अन्नाच्या स्पर्धेत ती वरचढ ठरते, हे खरेच. परंतु अधिक घातक ठरला तो तिच्यासोबत आलेला 'स्क्विरलपॉक्स' हा विषाणू. करड्या खारीच्या शरीरात तो असतो, पण तिला सहसा आजारी पाडीत नाही. तांबड्या खारीला मात्र त्याची लागण होताच डोळे, तोंड व पंजांभोवती फोड येतात. तिला दिसेनासे होते, खाता येत नाही आणि साधारण दोन आठवड्यांत ती दगावते. हा रोग जेथे शिरतो तेथे करड्या खारी तांबड्यांची जागा सुमारे १७ ते २५ पट अधिक वेगाने घेतात, असे संशोधनात आढळले आहे. २००८ साली फॉर्म्बी येथील किनारी जंगलात आलेल्या साथीत ऐंशी टक्क्यांहून अधिक तांबड्या खारी नष्ट झाल्या.

या विषाणूची माणसाला बाधा होत नाही. तथापि, सर्वच परक्या खारींविषयी असे म्हणता येत नाही. जर्मनीतील सॅक्सनी-आनहाल्ट प्रांतात २०११ ते २०१३ या काळात मध्य अमेरिकेतील रंगीबेरंगी खारी पाळणारे तीन जण मेंदूच्या दाहाने मरण पावले. त्या खारींतील एक नवा बोर्नाविषाणू त्यास कारणीभूत असल्याचे २०१५ साली उघड झाले. माणसांना तो बहुधा चाव्यातून वा ओरखड्यातून बाधला असावा.

आशेचे उदाहरणही आहे. वेल्समधील अँगलसी बेटावर १९९८ पासून करड्या खारी हटविण्यात आल्या. त्यांची संख्या घटत गेली तसतसे त्यांच्यातील विषाणूचे प्रमाणही घटले आणि जेमतेम चाळीस उरलेल्या तांबड्या खारी पुढे शेकड्यांनी वाढल्या.

दोष खारीचा नव्हे; ती स्वतःहून समुद्र ओलांडून गेली नाही. तिला नेणाऱ्या माणसाने तिच्यासोबत काय जात आहे, याचा विचार केला नाही. म्हणूनच परदेशी प्राणी हौसेने घरी आणू नये, आणलेला असल्यास रानात सोडू नये आणि कोणत्याही खारीला उघड्या हाताने पकडू नये. खार चावल्यास जखम साबण-पाण्याने धुऊन त्वरित डॉक्टरांकडे जावे.