लिव्हरचा रोग आणि रक्ताची आडवाट

लिव्हर बिघडले म्हणजे कावीळ होणार, एवढेच आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. परंतु सिरॉसिसचा रोगी पुष्कळदा अचानक रक्ताची उलटी होऊन दगावतो. रोग लिव्हरचा आणि रक्त अन्ननलिकेतून, हे कसे? मी काही डॉक्टर नव्हे. वाचून जे समजले ते मांडतो.

जठर, आतडी व पानथरी यांतील रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. ते पोर्टल नावाच्या शिरेतून आधी यकृतात येते. यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते, त्यातले जवळजवळ तीन-चतुर्थांश याच शिरेचे. दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, अथवा यकृतात साचलेली चरबी यांमुळे वर्षानुवर्षे इजा होत राहिली की मऊ यकृतात व्रणांचे कठीण जाळे तयार होते व रक्ताची वाट आवळली जाते. हाच सिरॉसिस होय. (तेव्हा प्रत्येक रोग्याकडे ‘पीत असेल’ अशा नजरेने पाहणे अन्यायाचे आहे.)

बँकेत एक खिडकी बंद झाली की गर्दी शेजारच्या खिडकीवर लोटते. तसेच अडलेले रक्त अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या बारीक शिरांत शिरते. त्या फुगतात, पातळ होतात आणि एके दिवशी फुटतात. पोर्टल शीर आणि यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरा यांच्या दाबातील फरक एरवी पाऱ्याच्या ५ मिलिमीटरपर्यंत असतो. तो १० झाला की शिरा फुगू लागतात, १२ वर गेला की फुटण्याचे भय. पानथरीही रक्त तुंबून वाढते.

याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. पोटातील रोहिण्या सैल पडतात व रक्त तेथेच रेंगाळते. मूत्रपिंडांना वाटते, रक्त कमी पडले! ती मीठ व पाणी धरून ठेवतात आणि तेच पाणी पोटात उतरून जलोदर होतो. म्हणून डॉक्टर आधी मीठ कमी करायला सांगतात. डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत. त्यांनी मूत्रपिंडांचे रक्त आणखी घटते.

फुगलेल्या शिरा दुर्बिणीच्या तपासणीत दिसतात. त्या फुटण्याआधीच प्रोप्रॅनोलॉलसारख्या औषधाने दाब उतरवता येतो, किंवा दुर्बिणीतूनच रबरी कडी घालून शीर बांधता येते. मात्र अशा रोग्याला डांबरासारखी काळी, चिकट शौचास झाली तर ‘उष्णता झाली’ म्हणून ताकावर दिवस काढू नयेत. ते आतले रक्त असू शकते. रक्ताची उलटी झाल्यास सकाळची वाट न पाहता, काही खाऊ-पिऊ न घालता, रोग्याला थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे.