विकताना कोण घेणार? पण विकायचीय कुणाला!

शुक्रवारची संध्याकाळ. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून एकदाचं सुटायचं आणि नगर, जालना, मंठा, जिंतूर, औंढा करत हिंगोली गाठायची. पुण्यात नोकरी आणि मराठवाड्यात घर असणाऱ्यांना हा रूट पाठ असतो. पाठीलाही पाठ असतो! म्हणूनच आमच्या ग्रुपमधल्या एकाने जुनी गाडी घ्यायची ठरवली आणि सिटी, व्हर्ना, स्विफ्ट सगळं सोडून रेनॉ फ्लुएन्स दारात आणून उभी केली, तेव्हा सगळ्यांनी एकच विचारलं, ‘अरे, ही कुठली?’

प्रश्न बरोबरच होता. ही फ्रेंच एक्झिक्युटिव्ह सेडान २०११ मध्ये आपल्याकडे आली. समोर कोण होतं? कोरोला, सिव्हिक, क्रूझ, जेट्टा. या गर्दीत ती फारशी कुणाच्या डोळ्यांत भरली नाही आणि काही वर्षांतच शोरूममधून गेलीसुद्धा. आज एखादी दिसली तर लोक वळून बघतात.

मग घ्यायची कशाला?

उत्तर एका शब्दात... आराम. आमच्या भागातली जमीन काळी. पाऊस पडला की ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर वर-खाली होतो. खड्डा नसला तरी लाटा असतातच. टणक सस्पेन्शनची गाडी हायवेवर मस्त वाटते, पण अशा रस्त्यावर मणक्याचा हिशोब घेते. फ्लुएन्स मऊ आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांत २७०२ मिलिमीटरचं अंतर, त्यामुळे मागे बसणाऱ्याला पाय पसरायला जागा. डिकी ५३० लिटरची. येताना आईने दिलेलं हळदीचं पोतं, डाळ, लोणच्याची बरणी असं सगळं बसतं!

फ्रेंचांचं हे वेड जुनं आहे. १९३० च्या दशकात सिट्रोएनने शेतकऱ्यांसाठी छोटी गाडी बनवायला घेतली तेव्हा अट होती, अंड्यांची टोपली ठेवून नांगरलेल्या शेतातून न्या, एकही अंडं फुटता कामा नये. त्यातून ‘टूसीव्ही’ आली. पुढे १९५५ मध्ये ‘डीएस’ आली. स्प्रिंगऐवजी तेल आणि नायट्रोजन वायूवर तरंगणारी. २२ ऑगस्ट १९६२ ला पॅरिसजवळ राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्यावर हल्ला झाला, टायर फुटले, तरी डीएस थांबली नाही, त्यांना सुखरूप घेऊन निघाली. फ्लुएन्समध्ये असलं तेल-वायूचं तंत्र नाही, साध्या स्प्रिंगाच आहेत. पण आधी बसणाऱ्याचा विचार करायचा, हा स्वभाव तोच.

‘पार्ट मिळतात का?’

घरच्यांचा पहिला प्रश्न हाच, आणि तो रास्तच. फ्रेंच गाडी म्हटलं की जुन्या लोकांना कल्याणची ‘प्यूजो ३०९’ आठवते. प्रीमियरबरोबर नव्वदच्या दशकात सुरू झालेला तो कारखाना कामगारांच्या वादात अडकला, १९९७ मध्ये प्यूजोने हात काढून घेतला आणि ज्यांनी गाडी घेतली होती ते बसले पार्ट शोधत.

फ्लुएन्सची गोष्ट जरा वेगळी आहे. तिच्या डिझेल मॉडेलमधलं १४६१ सीसीचं इंजिन आपल्याकडे चांगलंच ओळखीचं. २००७ मध्ये नाशिकला महिंद्राबरोबर बनायला लागलेल्या लोगनमध्ये तेच कुटुंब, पुढे व्हेरिटोत तेच, डस्टरमध्ये तेच. म्हणजे लोगन-डस्टर खोललेल्या मेकॅनिकसाठी हे इंजिन परकं नाही. अडतं ते दुसरीकडे. हेडलाइट, बंपर, काचा, दरवाजे या गाडीचे स्वतःचे. ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. थोडक्यात, इंजिन बिघडलं तर निभावेल, गाडी ठोकली तर वाट बघायची तयारी ठेवा.

घेण्याआधी हे बघा

* टायमिंग बेल्ट कधी बदलला? बिल मागा. नुसतं ‘बदललाय हो’ चालणार नाही.
* टर्बो आणि इंजेक्टर ओळखीच्या मेकॅनिककडून तपासून घ्या. स्वस्तात मिळालेली गाडी इथेच महाग पडते.
* की-कार्ड दोन्ही आहेत ना? एसी, पॉवर विंडो, सगळी बटणं दाबून बघा.
* कागदपत्रं नीट वाचा. २०११ च्या गाड्यांना २०२६ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण होतात. मग आरटीओत फिटनेस, पर्यावरण कर आणि पुन्हा नोंदणी. हा खर्च धरूनच भाव करा.
* रोज ऑफिसला नेणार असाल आणि घरात दुसरी गाडी नसेल, तर दोनदा विचार करा.

हिशोब कुणाचा?

आपण गाडी घेताना नकळत पुढच्या गिऱ्हाइकाचा विचार करतो. रंग पांढरा, कारण विकायला सोपा. कंपनी अमुक, कारण रीसेल चांगली. म्हणजे पाच वर्षं आपण चालवणार आणि पसंती मात्र त्या अनोळखी माणसाची! फ्लुएन्सवाल्यांनी हा हिशोब उलटा केला. ज्या कारणाने ही गाडी विकताना पडेल भावात जाते, त्याच कारणाने ती घेताना स्वस्त मिळते. फक्त मग ती ठेवायची, जपायची, सर्व्हिसचे पैसे बाजूला टाकायचे. तेवढा धीर नसेल तर सरळ स्विफ्ट घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

मित्राच्या बाबांनी पहिल्याच दिवशी तोंड वाकडं केलं होतं. ‘विकताना कोण घेणार रे ही?’ तो म्हणाला, ‘बाबा, विकायचीच नाहीये.’ दिवाळीला तो त्यांना पुण्याहून घेऊन निघाला. एरवी दर तासाला पाठ धरून ‘जरा थांबव’ म्हणणारे बाबा जिंतूर सोडलं आणि मागच्या सीटवर झोपले, ते थेट हिंगोलीत घरासमोर उठले. उतरताना म्हणाले, ‘आलो का?’

गाडीबद्दल त्यानंतर ते काही बोललेले नाहीत. पण हल्ली पुण्याला यायचं असलं की फोन येतो, ‘ट्रॅव्हल्सचं तिकीट काढू नको. तूच ये गाडी घेऊन.’