चालणारी माती

यंदा मार्चमध्ये पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या उतारावरचं वाळकं गवत पुन्हा पेटलं. दुसऱ्या दिवशी गेलो, तर काड्यांना चिकटलेले प्रार्थना कीटकांचे अंडीपुंज कोळसा होऊन पडले होते. बोट लावलं की भुगा.

असं काही बघायची नजर मला उशिराच आली. शाळा-कॉलेजची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. तेव्हा किडा म्हणजे एकतर फुलपाखरू, नाहीतर झुरळ. बघायला शिकलो ते 2004 ते 2014 या दहा वर्षांत. मला किडे बघायला शिकवणारे आमचे सर म्हणायचे, ‘‘किडा शोधू नकोस रे, जागा बघ.’’ एकदा शिरीषाच्या खोडासमोर पाऊण तास उभा राहिलो, तेव्हा सालीचा एक कपचा सुर्रकन खोडामागे पळाला. ती हुम्बर्टिएला ही मँटिस, म्हणजे प्रार्थना कीटक, सालीवरच शिकार करणारी, सालीइतकीच चपटी.

आणि 2008 च्या जूनमधली ती सकाळ! दगडाशेजारची चिमूटभर माती चालायला लागली. भिंग धरलं. पाठीवर धुळीचा थर, त्यावर पाच मेलेल्या मुंग्यांचा ढिगारा आणि पुढे हलणाऱ्या दोन बारीक मिशा. अकॅन्थॅस्पिस या मारेकरी ढेकणाचं ते पिल्लू. सोंड खुपसून मुंगी शोषायची आणि रिकामा सांगाडा पाठीवर चढवायचा, हा त्याचा उद्योग. याच्या आफ्रिकेतल्या भाऊबंदांवर झालेले प्रयोग 2007 साली प्रसिद्ध झाले होते: पाठीवर मुंग्या असल्या, की उड्या मारणारे कोळी या पिल्लांवर फारच कमी वेळा झडप घालतात. सर आणि मी दुपारपर्यंत तिथून हललो नाही.

पुढे मॅक्रो लेन्स हातोहाती आल्या. एका सहलीत एकानं असंच पिल्लू ब्रशनं झाडून ‘स्वच्छ’ केलं, खोडावरची मँटिस चिमट्यानं उचलून जास्वंदीवर बसवली आणि फोटो काढले. त्या फोटोला बक्षीस मिळालं. तो फोटो खोटा होता, हे मी आजही म्हणतो. आता अ‍ॅप क्षणात नाव सुचवतं. सोय चांगलीच आहे. पण पिल्लाची नेमकी जात नुसत्या फोटोवरून बहुधा ठरत नाही आणि कुठल्या झाडावर, काय खात होतं, याची नोंद फारसं कुणी ठेवत नाही. सरांची प्रत्येक वही त्या नोंदीपासून सुरू व्हायची. सर आता पुण्यात नाहीत.

उन्हाळ्यात टेकडीवर गेलात, तर गवताला काडी लावणाऱ्याला अडवा. वाळक्या काडीवर फेस सुकल्यासारखी तपकिरी पुडी दिसली, तर ती तोडू नका. आतली पिल्लं अजून बाहेर यायची आहेत.