तारे पाच, पण वजन कुणाचं किती?

2009 साली अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेनं चिमुकली स्मार्ट फोरटू आणि मर्सिडीजची सी-क्लास या गाड्या प्रत्येकी ताशी 64 किलोमीटर वेगानं समोरासमोर आदळवल्या. अडथळ्यावर आदळण्याच्या चाचणीत स्मार्टनं आधी उत्तम शेरा मिळवला होता. इथं ती उडाली, गरगर फिरली आणि सर्वांत खालच्या शेऱ्यावर आली. होंडा फिट आणि टोयोटा यारिस यांचीही आपापल्या कंपनीच्या मोठ्या गाडीसमोर तीच गत झाली.

कारण संवेगाच्या हिशेबात आहे. समजा, 800 किलोची हॅचबॅक आणि 1600 किलोची एसयूव्ही, दोन्ही ताशी 50 वेगानं आदळून एकमेकींत अडकल्या. त्यांचा लगदा एसयूव्हीच्याच दिशेनं ताशी सुमारे 17 वेगानं सरकेल. म्हणजे एसयूव्हीच्या वेगात बदल झाला 33 चा. हॅचबॅक नुसती थांबली नाही, मागे रेटली गेली. तिच्यात बदल 67 चा, आणि तोही तेवढ्याच क्षणार्धात.

अडथळ्यावरची चाचणी मात्र साधारण स्वतःच्याच वजनाच्या गाडीशी टक्कर झाल्यासारखी असते. ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्याकडे अशाच चाचण्यांवरून गाड्यांना तारे देणारी भारत एनकॅप योजना सुरू झाली, ही फार चांगली गोष्ट झाली. पण छोट्या गाडीचे पाच तारे मोठीच्या पाच ताऱ्यांशी तोलू नयेत, हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही.

तरीही सगळा दोष वजनाच्या माथी मारणं मला मान्य नाही. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या पाच भारतीय छोट्या गाड्यांना शून्य तारे मिळाले. समोर एसयूव्ही नव्हती. तरी आल्टो 800, नॅनो आणि आय-10 यांचे सांगाडे तकलादू ठरले. फिगो आणि पोलोचे टिकले. हा फरक रचनेचा होता.

‘पत्रा जाड तर गाडी भक्कम’ हा समजही सोडायला हवा. ताशी 50 वेगातला माणूस 60 सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्याच्यावर गुरुत्वाच्या सरासरी 16 पट ताण येतो. 10 सेंटिमीटरमध्ये थांबला, तर जवळपास 100 पट. मर्सिडीजच्या बेला बारेनी यांनी 1950च्या दशकात मांडलेली कल्पना हीच: नाक चुरगळू द्यायचं, माणसं बसतात तो भाग ताठ ठेवायचा. छोट्या गाडीचं नाक आखूड, म्हणून तिथं प्रत्येक सेंटिमीटर मोलाचा. सीटबेल्ट माणसाला गाडीशी बांधतो, तेव्हाच ते सेंटिमीटर त्याच्या वाट्याला येतात. मागच्या सीटवर बेल्टविना बसलेल्याच्या वाट्याला ते येत नाहीत. गाडी थांबते, तो ताशी 50 नंच पुढच्या सीटवर आदळतो.